स्कोडा लॉरा १.८ टीएसआयला ऑइल कॅच कॅन: एकदा चुकीचा बसवला, एकदा नीट बसवला

घाटरस्ता (धागाकर्ता)

मागच्या वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी माझ्या २०११ च्या लॉराचा इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप सोडवला, तेव्हा त्याच्या तळाशी चांगले दोन चमचे तेल साचलेले दिसले. मेकॅनिक म्हणाला की टर्बोच्या गाड्यांत एवढे चालायचेच. सिलिंडरांकडे हवा नेणारे इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्यावर मात्र तोही गप्प झाला, कारण व्हॉल्व्हच्या दांड्यांवर काजळीचे असे थर बसले होते की जणू वर्षानुवर्षे चुलीवर चढलेल्या पातेल्याचे बूड. अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून ती काजळी काढून घेतली आणि तेव्हाच कॅच कॅन बसवायचे ठरवले.

गाडी मूळची १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटरची आहे. त्यावर स्टेज वन रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल) आहे आणि आजवर ९८,००० किलोमीटर झाले आहेत. रोजची धाव पुण्यातल्या वाहतुकीत असते, महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणी किंवा वरंधा घाट होतो आणि अधूनमधून कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणे होते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडाफार खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात तेलाचे बारीक तुषार, पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल असते. हा वायू कोंडून ठेवला तर सील फुटतील आणि बाहेर सोडला तर प्रदूषण होईल, म्हणून पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) यंत्रणा तो पुन्हा इनटेकमध्ये पाठवते. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हवरच पडत असल्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. आमच्या टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे व्हॉल्व्हवर चिकटलेले तेल तिथेच भाजत राहते. कॅच कॅनचे काम इतकेच की पीसीव्ही आणि इनटेक यांच्या वाटेत उभे राहून वायूतले तेल अडवायचे.

माझा पहिला प्रयत्न फसला आणि त्यात दोष पूर्णपणे माझा होता. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त कॅनला १० मिलिमीटरची तोंडे होती आणि आत जाळी किंवा पडदा काहीच नव्हते. एका तोंडातून आत आलेला वायू दुसऱ्या तोंडातून तसाच बाहेर पडत होता. वर मी त्याला कूलंटसाठी वापरतात तो साधा रबरी होज जोडला. दीड महिन्यात होज तेलाने फुगून मऊ पडला, घाटात जोर लावला की डिपस्टिक अर्धा इंच वर आलेली सापडू लागली आणि गिअरबॉक्सच्या बाजूने क्रँकच्या मागच्या सीलला ओल दिसू लागली. अरुंद तोंडांमुळे क्रँककेसमध्ये दाब साठत होता. कॅन नसताना गाडी यापेक्षा सुखी होती.

दुसऱ्या खेपेला व्हॉल्व्ह कव्हरवरचे मूळ पीसीव्ही मॉड्यूल काढून त्या जागी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवली. वायूच्या दोन वाटांपैकी मॅनिफोल्डकडे जाणारी वाट बंद केली आणि सगळा वायू १९ मिलिमीटरच्या, तेलाने न फुगणाऱ्या नायट्राइल रबराच्या होजमधून कॅनमध्ये व तिथून टर्बोच्या इनलेटकडे नेला. अर्ध्या लिटरचा हा कॅन बॅटरीच्या पुढे, हेडलॅम्पच्या मागे आहे, कारण तिथे समोरून हवा लागते आणि एक्झॉस्ट पलीकडे फायरवॉलच्या बाजूला राहतो. कॅन जितका थंड, तितकी वाफ लवकर ठिबकते. आता पाच महिने झाले आहेत. जाणकारांनी उणिवा मोकळेपणाने दाखवाव्यात.

उद्यमनगर

कोल्हापुरात आमचा लेथचा व्यवसाय आहे आणि आजवर असे वीसेक कॅन हातून गेले आहेत, म्हणून आतल्या रचनेविषयी लिहितो. बाहेरचा रंग आणि चकाकी पाहून कॅन घेऊ नका. झाकण उघडून आत पाहता येत नसेल, तर तो घेऊच नका. येणाऱ्या वायूला आधी खाली वळावे लागले पाहिजे, मग जाळीतून वर चढावे लागले पाहिजे आणि जाळीच्या खाली साचलेल्या तेलाला वायूचा झोत लागता कामा नये. त्यासाठी मध्ये भोके पाडलेली एक आडवी पत्री लागतेच. ती नसली तर वळणावर तेल हिंदकळून थेट बाहेरच्या तोंडाशी जाते.

जाळीच्या जागी भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याची सूचना अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ती सूचना देणाऱ्याने एकदा टर्बोच्या कॉम्प्रेसरचे पाते हातात घेऊन पाहावे. घासणीची तार कंपनाने तुटते, तिचे बारीक तुकडे वायूबरोबर निघतात आणि मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणाऱ्या पात्यावर जाऊन आदळतात. स्टेनलेसची विणलेली जाळी वापरायची असेल, तर ती दोन छिद्रित पत्र्यांमध्ये दाबून बसवावी आणि कडा मोकळ्या ठेवू नयेत. मी सिंटर्ड ब्राँझचे फिल्टरही वापरून पाहिले. ते तेल उत्तम अडवतात, पण चिखल झाला की लवकर गच्च होतात. आपल्याकडच्या वापराला जाळीच बरी.

आर्गॉन वेल्डिंग झाल्यावर कॅन आतून धुऊन पाण्याखाली हवा भरून तपासावा, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. वेल्डिंगचा एखादा मणी आत सुटा राहिला तर त्याचीही वाट टर्बोकडेच जाते. आणि खाली ड्रेन कॉक देताना त्याचा दांडा गाडीच्या कंपनाने आपोआप फिरणार नाही, असाच बसवावा.

शंकासुर

तुमच्या मेहनतीबद्दल आदर राखून विचारतो. कॅन लावल्याने काजळी खरोखर थांबते का? माझ्या समजुतीप्रमाणे इनटेक व्हॉल्व्हवर येणारे सगळे तेल पीसीव्हीतून येत नाही. व्हॉल्व्हच्या गाइडमधून सीलच्या कडेने थोडे तेल उतरतच असते, आणि व्हॉल्व्ह टायमिंगच्या ओव्हरलॅपमध्ये (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा) जळका वायू इनटेककडे मागे येतो तो वेगळाच. मग १५,००० रुपयांचा कॅन लावून काजळी साफ करण्याचा खर्च दोन वर्षे पुढे ढकलण्यापलीकडे काय साधते? त्याच पैशात तीन वेळा चांगले ऑइल बदलून होईल.

दुसरा मुद्दा मॅनिफोल्डची वाट बंद करण्याचा आहे. कंपनीच्या रचनेत आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) मॅनिफोल्डचा ओढा क्रँककेसमधली ओलसर हवा सतत खेचून घेतो. तुम्ही तो ओढा तोडला आहे. आता सिग्नलवर उभ्या गाडीत ती वाफ आणि पेट्रोल तेलातच मुरणार. इनटेक स्वच्छ ठेवण्यासाठी तुम्ही ऑइल घाण करून घेतले, असे म्हटले तर चुकेल का?

घाटरस्ता (धागाकर्ता)

शंकासुर, पहिला मुद्दा मला मान्य आहे. कॅनमुळे काजळी कमी होते, बंद होत नाही. याहून मोठा दावा करणाऱ्या जाहिरातींवर माझाही विश्वास नाही. मला मुख्य फरक जाणवला तो इंटरकूलरमध्ये. पाच महिन्यांनी पाइप सोडवला तेव्हा आत बोट फिरवल्यावर नुसता ओशटपणा होता, साठलेले तेल नव्हते. शिवाय तेलाचे तुषार मिसळलेल्या पेट्रोलची नॉक (वेळेआधीच पेट घेऊन बसणारा ठोका) सहन करण्याची ताकद कमी होते, आणि रीमॅप केलेल्या गाडीला एप्रिलच्या उन्हात ते परवडत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मी अडकलो आहे. ऑइल १०,००० ऐवजी ७,५०० किलोमीटरला बदलायला लागलो, ते याच भीतीपोटी. मूळ मॉड्यूल तसेच ठेवून फक्त टर्बोकडे जाणाऱ्या वाटेत कॅन घालावा का, याचा विचार करतो आहे.

पिट लेन

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मूळ मॉड्यूल ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या आतला दाब आवरणारा रबरी पडदा (डायफ्राम) शाबूत हवा. तपासायची सोपी रीत अशी: इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचे झाकण हळूच उचला. हलका ओढा जाणवला आणि आयडल थोडे डगमगले तर ठीक. झाकण चिकटून बसले आणि ओढून काढावे लागले, किंवा पीसीव्हीपाशी शिट्टीसारखा आवाज आला, तर पडदा फाटलेला आहे. अशा गाडीला कॅन लावणे म्हणजे छप्पर गळत असताना खाली नवा गालिचा अंथरणे.

शर्यतीच्या गाड्यांचे गणित निराळे आहे. फिया (एफआयए) या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स जे नावाच्या नियमावलीत ग्रुप ए या गटाच्या नियमांत क्रँककेसचा श्वास उघडा सोडला असेल, तर तेल एका टाकीत पडले पाहिजे, अशी अट आहे. २००० सीसीपर्यंतच्या इंजिनाला किमान २ लिटरची आणि त्यावरच्या इंजिनाला ३ लिटरची टाकी लागते. टाकी अर्धपारदर्शक प्लास्टिकची हवी किंवा तिला पारदर्शक खिडकी हवी. यामागे इनटेकची काळजी नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला सरकून श्वासनळीतून उसळते, आणि ते ट्रॅकवर पडले तर मागच्या गाडीचे चाक निसटते, तप्त एक्झॉस्टवर पडले तर आग लागते. तुमचा अर्ध्या लिटरचा कॅन रस्त्याला पुरेसा आहे, पण कारीवर अर्धा तास सलग ताणणार असाल तर प्रत्येक सत्रानंतर बोनेट उघडून पाहत जा.

रस्त्यावरच्या गाडीत कॅनला वर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडण्याच्या भानगडीत पडू नका. भारत स्टेजच्या नियमांप्रमाणे पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधला वायू वातावरणात सोडायला मुभाच नाही. पीयूसीच्या तपासणीत नळी सायलेन्सरला लागते, त्यामुळे तिथे ते पकडले जात नाही ही गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, विम्याचा सर्व्हेअर आहे, आणि सगळ्यात आधी गाडीत बसलेल्या माणसांना एसीच्या झडपांतून येणारा तो जळक्या तेलाचा वास आहे.

कॅल्गरीकर

मूळचा नाशिकचा, आता बारा वर्षे कॅनडात आहे. माझ्याकडे २०१६ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे. तिचे एफए २० इंजिनही थेट इंजेक्शनचे आणि टर्बोचे, त्यामुळे तुमचे दुखणे ओळखीचे आहे. इथल्या हिवाळ्यात मात्र कॅनचा स्वभाव पालटतो.

उणे २५ अंशांत कामावर जाण्याचा माझा प्रवास जेमतेम बारा मिनिटांचा. एवढ्यात तेल पुरते तापतही नाही, त्यामुळे ब्लो-बायमधले पाणी वाफ होऊन निघून न जाता कॅनमध्ये उतरते. पहिल्या हिवाळ्यात एका शनिवारी कॅन उघडला तेव्हा आत तेल नव्हतेच. कॉफीवर फेटून घातलेल्या मलईसारखा फिकट पिवळा गोळा होता, आणि त्याच्या खाली चक्क बर्फ. बर्फ आणखी दोन बोटे वर चढला असता तर आत येणारे तोंड बुजले असते आणि क्रँककेसच्या दाबाने एखादे सील बाहेर फेकले असते. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च कॅन काढून मूळ नळी जोडतो. कूलंटची नळी फिरवून गरम ठेवलेले कॅनही इथे मिळतात, पण मला ऋतू बदलला की नळ्या बदलणेच सोपे वाटते.

पुण्याला बर्फाची भीती नाही. तरी पावसाळ्यात गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल, तर तो पिवळट गोळा तुम्हालाही दिसेल. तो दिसला की हेड गॅस्केट गेले आणि कूलंट तेलात मिसळले म्हणून घाबरू नका. आधी कूलंटची पातळी पाहा, मग गाडी तासभर महामार्गावर नेऊन आणा.

नवशिका_सातारा

माझ्याकडे २०१५ ची स्विफ्ट पेट्रोल आहे. मीही कॅच कॅन बसवावा का? दिसायला छान दिसतो.

उद्यमनगर

गिऱ्हाईक सोडतो आहे, पण खरे सांगतो: नको. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही, आणि पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पोर्टमध्ये पडतो. त्या पैशात टायर घ्या.

घाटरस्ता (धागाकर्ता)

पिट लेन यांचे ऐकून महिन्याभरापूर्वी नवे पीसीव्ही मॉड्यूल बसवले आणि प्लेट काढली. आता कॅन फक्त टर्बोकडे जाणाऱ्या वाटेत आहे. होज सतत उतारावर ठेवला आहे, कारण आधी एका जागी तो झोळीसारखा लोंबत होता आणि त्या खोलगट भागात तेल साचून वायूची वाट अडत होती. स्क्रूच्या क्लिपा पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळाव्या लागल्या.

प्लेट काढण्याआधी क्रँककेसचा दाब मोजला, तो प्रकार स्वस्त आणि मजेशीर होता. औषधांच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, तिला यू आकार देऊन लाकडी पट्टीवर चिकटवले, आत लाल शाई घातलेले पाणी भरले आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडले. आयडलला पाणी इंजिनाकडच्या बाजूला जेमतेम सात-आठ मिलिमीटर चढले, म्हणजे हलका ओढा होता. ३००० आरपीएमवर तो ओढा २० मिलिमीटरपर्यंत गेला. पाणी उलट्या दिशेला ढकलले गेले असते तर कॅन किंवा होज वाट अडवतो आहे असे समजलो असतो. हा प्रयोग मॅनिफोल्डची वाट बंद असतानाच करावा. ती वाट चालू असेल आणि पडदा फाटका असेल, तर मॅनिफोल्डचा ओढा पाण्याचा कित्येक मीटर उंच स्तंभ खेचू शकतो, आणि तुमची लाल शाई सरळ इंजिनात जाईल.

देखभालीचे म्हणाल तर मी दर १००० किलोमीटरला कॅन रिकामा करतो. इंजिन गरम असताना, पण बोट लावता येईल इतपत. निघालेला द्रव मोजायला घरातले खोकल्याच्या औषधाचे माप घेतले आहे आणि त्यावर घरच्यांचा राग ओढवून घेतला आहे. तो द्रव काळसर तपकिरी, पाण्यासारखा पातळ असतो आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास येतो. तो पुन्हा इंजिनात ओतण्याचा मोह कोणालाही होऊ नये. जुन्या ऑइलच्या डब्यात साठवून मी तो ऑइल बदलताना गॅरेजवाल्याच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात देतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले तेल मोडते, तेव्हा तो गटारात ओतणे नियमाबाहेरचे आहे. दर सहा महिन्यांनी जाळी काढून रॉकेलमध्ये बुडवून धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच बसवतो.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. शहरातले १००० किलोमीटर: २५ ते ३० मिलिलिटर. दोन घाटफेऱ्या धरून: ४० च्या आसपास. मात्र शेवटच्या नोंदीत, गाडी नेहमीसारखीच चालवून, ९५ मिलिलिटर निघाले. नव्या रचनेमुळे असे झाले असेल का?

पिट लेन

नव्या रचनेत कॅनमध्ये उलट कमी यायला हवे, कारण आयडलचा वायू आता कॅनला वळसा घालून मॅनिफोल्डकडे जातो. डिपस्टिकवर ऑइल कमाल पातळीच्या खुणेच्या वर तर भरलेले नाही ना, हे आधी पाहा. जादा भरलेले तेल क्रँकच्या फटकाऱ्याने फेसाळते आणि सगळे कॅनमध्ये येते. पातळी बरोबर असेल तर लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणे) करून घ्या. सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून हवा भरताना आवाज ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. जे निघेल ते इथे लिहा.

घाटरस्ता (धागाकर्ता)

ऑइलची पातळी बरोबर निघाली. काल चाचणी केली. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ८ ते ११ टक्के गळती दाखवतात, तिसरा २७ टक्के. झाकण काढून कान लावला तर तिसऱ्याच्या वेळी सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा सुस्कारा स्पष्ट ऐकू येत होता. गाडीच्या पहिल्या चार वर्षांत मी ऑइल १५,००० किलोमीटरला बदलत होतो, त्याचे हे व्याज असावे.

मेकॅनिकचे म्हणणे असे की रिंगा झिजलेल्या असतीलच असे नाही, काजळीने खाचेत चिकटलेल्याही असू शकतात. म्हणून काल रात्री स्पार्क प्लगच्या भोकातून चारही पिस्टनवर काजळी विरघळवणारे द्रावण ओतून ठेवले आहे. उद्या सकाळी ते शोषून काढू, प्लग न लावता भोकांवर फडके धरून इंजिन स्टार्टरवर फिरवू, ऑइल व फिल्टर बदलू आणि ५०० किलोमीटरनंतर चाचणी पुन्हा करू. तिसरा सिलिंडर १५ टक्क्यांच्या खाली आला नाही तर दिवाळीनंतर इंजिन उघडायचे ठरले आहे. तोवर कॅन दर २५० किलोमीटरला रिकामा करीन आणि मोजमाप याच धाग्यावर टाकत जाईन. औषधाचे नवे माप विकत आणले आहे.